पाण्यातला ण

माझी बायको गेल्या वर्षी गेली. शेवटचे चार दिवस दवाखान्यात होती. त्या चार दिवसांत ती जेवढ्या वेळा पाणी मागायची तेवढ्या वेळा मला मान खाली घालावी लागायची. कारण ती 'पाणी' म्हणायची. ण लावून. आम्ही खानदेशातली माणसं. आमच्या अहिराणीत ण नाहीच. आम्ही पानी म्हणतो, लोनी म्हणतो, कोन म्हणतो. तिचंही अर्धं आयुष्य पानी म्हणण्यात गेलं. मग तिनं हा ण कुठून उचलला आणि कुणासाठी, ते मला एकट्याला माहीत आहे. पोरांनाही सांगितलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो. शिक्षण चौथीपर्यंत झालंय, तेव्हा माझं शुद्धलेखन कुणी तपासू नये. शुद्धलेखनाचं मी पुष्कळ पाहिलंय.

आम्ही सिल्वासाला आलो चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला. इथं कंपन्या उघडत होत्या, आणि आमच्या धुळ्याकडच्या गावातला एक जण आधीच येऊन बसला होता. तो म्हणाला, ये, हातपाय असले की काम मिळतं. हातपाय होते. अथालच्या बाजूला धाग्याच्या कंपनीत लागलो. मशीनवरून भरलेली बॉबिनं उतरवायची, रिकामी चढवायची, बारा तास. खोली डोकमर्डीला. एका ओळीत आठ खोल्या, समोर मोकळं अंगण, अंगणात एक नळ. मालकीण इथलीच आदिवासी म्हातारी. सगळे तिला डोशी म्हणायचे.

लागताना ठेकेदारानं विचारलं, इथलं रेशन कार्ड आहे का? मी म्हटलं, मला येऊन पाच महिने झालेत, कार्ड कुठून आणू? त्यानं त्याच्या माणसाला हाक मारली. त्या माणसानं एका कागदावर लिहिलं की हा इसम पाच वर्षांपासून येथे राहतो. मी खाली सही केली. मला वाचता येत होतं. पाच महिने आणि पाच वर्षं यातला फरक मला कळत होता. पंधरा दिवसांनी शिक्का बसलेलं कार्ड हातात आलं आणि मी इथला झालो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे.

बंगाली जोडपं आलं ते दहा-अकरा वर्षांनी. तोपर्यंत आमची पोरं मोठी होऊन एक सुरतेला आणि एक नाशिकला लागला होता. खोलीत आम्ही दोघंच. आमच्या शेजारची शेवटची खोली त्या दोघांनी घेतली. तो पंचविशीचा, फरशी बसवायच्या कामावर. मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. ती त्याहून लहान. तिला तिच्या भाषेशिवाय काही येत नव्हतं.

पहिल्याच सकाळी ती बादली घेऊन नळावर आली आणि विचारायला लागली, "जोल? जोल?"

नळावर एक यूपीची बाई होती. तिचा नवरा माझ्याच खात्यात. ती म्हणाली, "क्या झोल है? इधर कोई झोल नहीं है, सीधे लोग रहते हैं." बायका पोट धरधरून हसल्या. झोल म्हणजे लबाडी, भानगड. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं झोलवाली. ती रोज यायची, जोल म्हणायची, बायका हसायच्या, आणि आपल्याला हसतात एवढंच तिला कळायचं.

चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या हिनं तिचा हात धरला, नळाखाली नेला आणि म्हणाली, "हाई पानी. म्हन वं. पानी."

ती म्हणाली, "पानी."

"हां. जोल नको म्हनू. पानी म्हन."

"पानी, पानी," ती म्हणाली. अगदी आमच्या हिच्यासारखीच म्हणाली, शेवटचा नी ओढून. ही खूश. घरी येऊन मला म्हणते, "माले एक पोर भेटनी, तुमना दोन्ही पोरेसपेक्षा हुशार."

त्यांची गट्टी कशी जमली मला कळलं नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मुरमुऱ्यांवर जमली असावी. आमच्या खानदेशात मुरमुऱ्याशिवाय पान हलत नाही, आणि त्या पोरीकडेही तेच. ती त्यात कच्चं मोहरीचं तेल घालायची. ही पहिल्यांदा नाक मुरडून बसली, नंतर मलाही खाऊ घालायला लागली. दुपारी दोघी उंबऱ्यात बसून एका ताटातले मुरमुरे खायच्या. ही अहिराणीत बोलायची, ती बंगालीत, आणि दोघी माना डोलवायच्या.

आमच्या ओळीत पहिल्या खोलीत कोकणातले एक मास्तर राहायचे. सरकारी शाळेत होते. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांचे अर्ज तेच लिहून द्यायचे, चहासुद्धा घ्यायचे नाहीत. फक्त कुणी चुकीचं बोललं की त्यांना राहवायचं नाही. हिला नेहमी म्हणायचे, "वहिनी, पानी नव्हे. पाणी. जीभ जरा वर वळवा. बाणातला ण."

ही म्हणायची, "मास्तर, ते प्यायला लागतं, वळवायला नाही." आणि बादली उचलून चालायला लागायची. मास्तरही हसायचे.

त्याच साली की त्याच्या पुढच्या साली बोलणं सुरू झालं. आधी टीव्हीवर, मग पेपरात, मग कंपनीच्या गेटवर. बांगलादेशी आलेत. तिकडून तारेखालून घुसतात, इथं येऊन आपली कामं घेतात. कुणी म्हणायचं हजारो, कुणी म्हणायचं लाखो. आमच्या खात्यात कुणी बांगलादेशी पाहिलेला नव्हता, पण बोलायला सगळे होते. तो यूपीवाला सगळ्यात जोरात. मी एकदा त्याला विचारलं, "अरे, तुला मुंबईतून बाहेरचा म्हणून हाकललं ना?"

तो म्हणाला, "हाँ तो? उधर मेरेको बोला, इधर मैं बोलेगा. मेरे पास कागज है, काका. कागज!" आणि खिशावर हात मारला. सगळे हसले. मीही हसलो.

आणि मीही बोललो, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू. मी म्हणायचो, यात अवघड काय आहे? कागद असेल तर राहा, नसेल तर निघा. सरकारनं नियम केलाय तो काय उगाच? घरी हे बोललो तेव्हा ही भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमना कागद खरा शे का?"

मी म्हटलं, "शिक्का आहे त्याच्यावर."

"शिक्का शे. मी विचारं, खरा शे का?"

मी जेवलो आणि उठलो.

डोशीला या सगळ्याची मजा वाटायची. अंगणात बिडी ओढत बसायची आणि आमचं बोलणं ऐकून म्हणायची, "मारे तो तमे बधाज बारना." म्हणजे मला तर तुम्ही सगळेच बाहेरचे. तिची जमीन होती, तिच्यावर आम्ही. मास्तरांना ते लागायचं. म्हणायचे, "आम्ही सरकारी नेमणुकीवर आहोत, डोशी." ती धूर सोडायची.

मग वरून हुकूम आला. प्रत्येक घरमालकानं भाडेकरूंची यादी द्यायची, प्रत्येकाचा कागद दाखवायचा. डोशीला लिहिता येत नव्हतं म्हणून मास्तरांनी यादी केली. आठ खोल्यांपैकी सात खोल्यांचे कागद निघाले. शेवटच्या खोलीचा निघेना.

मास्तरांनी त्या पोराला विचारलं, "गाव कहाँ है?"

तो म्हणाला, "नदी में."

यूपीवाला म्हणाला, "मगरमच्छ है क्या तू?" अंगणात हशा.

पण त्यानं नीट सांगितलं. त्यांचं गाव गंगेच्या काठावर, आपल्याच देशात. नदी दरवर्षी काठ खात आली. एका वर्षी शाळा गेली, दुसऱ्या वर्षी त्यांचं घर गेलं, घरातली पेटी गेली. आता जमीन नाही आणि कागदही नाही. चुलता दुसऱ्या गावाला राहतो, तिथल्या पंचायतीतून काहीतरी लिहून आणता येईल. मास्तरांनी हिशेब करून त्याला आठ दिवस दिले. जायला अडीच दिवस, यायला अडीच, मध्ये तीन.

जायच्या आधी तो आमच्याकडे आला. ती मागे उभी होती. तो मला म्हणाला, "भाई, आठ दिन. कोई पूछे तो आप बोल देना, ये लोग अच्छा है, कागज आ रहा है. आपका कार्ड है. आपका बात मानेगा."

मी म्हटलं, "हां हां. बोल दूँगा."

हिनं त्याला सांगितलं, हात हलवून हलवून, की पोर माझ्याकडे राहील, तू जा. तो गेला. ती आमच्या खोलीत झोपायला यायला लागली. मी ओट्यावर अंथरूण टाकलं.

तपासणीची सरकारी जीप आली पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी. दोन साहेब होते. ते हिंदी बोलत होते, गुजरातीही बोलत होते, मराठी थोडी समजत होती. सगळ्यांना अंगणात उभं केलं. मास्तर यादी घेऊन त्यांच्या बाजूला बसले. एकेकाचं कार्ड तपासत ते माझ्यापर्यंत आले. मोठ्या साहेबानं माझं कार्ड घेतलं, शिक्का उजेडाकडे धरला, परत खाली घेतला.

"कब से हो?"

मी वर्ष सांगितलं, कार्डावरचं. खऱ्यापेक्षा पाच वर्षं आधीचं.

"हूँ," तो म्हणाला. आणि कार्ड परत दिलं नाही, हातातच ठेवून पुढे सरकला. का ठेवलं, मला आजही माहीत नाही. विसरला असेल. पण माझं सगळं लक्ष त्या हातातल्या कार्डाकडे.

शेवटी ती उभी होती. मास्तरांनी सांगितलं की नवरा कागद आणायला गेलाय, आणखी तीन दिवस आहेत. खरंच सांगितलं, लपवलं नाही. धाकटा साहेब म्हणाला, ये सब ऐसाच बोलते हैं. मग मोठा म्हणाला, कैसे पता चलेगा इधर की है या उधर की?

तेव्हा मास्तर म्हणाले, "साहेब, एक गोष्ट ऐकण्यात आहे. इकडचे बंगाली पाण्याला जोल म्हणतात. तिकडचे पानी म्हणतात." मास्तरांनी ते कुठं वाचलं होतं की कुणाकडून ऐकलं होतं, देव जाणे. मला वाटतं त्यांना तिचं भलंच करायचं होतं. ती आली तेव्हा जोल म्हणायची हे नळावरच्या हशामुळे सगळ्या ओळीला माहीत होतं. आताही तेच म्हणेल आणि सुटेल, असं त्यांना वाटलं असणार.

साहेबानं लोटा मागवला. भरून तिच्यासमोर धरला. "ये क्या है? बोलो."

तिनं लोट्याकडे पाहिलं, मग आमच्या हिच्याकडे पाहिलं. आणि हसली. परीक्षेत उत्तर पाठ असलेला प्रश्न आला की पोर हसतं ना, तसं. छाती भरून म्हणाली, "पानी."

शेवटचा नी ओढून.

मास्तरांनी यादीत डोकं घातलं. यूपीवाला म्हणाला, "लो." अंगणात कुणी हसलं नाही.

आमची ही पुढं आली. डोक्यावरचा पदर सुटलेला, तसाच. म्हणाली, "ओ सायेब, पानी म्हनानं मीच शिकाडं तिले! पहिले ती जोल म्हने. आठे सगया हासेत म्हनीसन मी सांगं, पानी म्हन. तो मना सबद शे, तिना नई!"

साहेब मास्तरांकडे वळला. मास्तर म्हणाले, "मला यांची बोली पूर्ण समजत नाही." एवढं तरी त्यांना समजलं असेल असं मला वाटतं. पण ते तसंच म्हणाले.

मग साहेब माझ्याकडे वळला. माझं कार्ड त्याच्या हातात, दोन बोटांत. "आप की बीवी है? क्या बोल रही है?"

मला एवढंच सांगायचं होतं की हा शब्द हिनं शिकवला. दोन वाक्यं. मला हिंदी येत होतं. बारा वर्षं कंपनीत हिंदीच बोलत होतो. ती पोर माझ्याकडे बघत होती, तिला वाटत होतं ती पास झाली. ही माझ्याकडे बघत होती. आणि मी कार्डाकडे बघत होतो.

मी म्हटलं, "कुछ नहीं साहब. घर की बात है."

साहेबानं कार्ड परत दिलं.

तिला जीपमध्ये बसवलं तेव्हा तिला कळायला लागलं. ओरडली नाही. फक्त आमच्या हिचं मनगट धरून ठेवलं. हिनं आत पळत जाऊन मुरमुऱ्यांची पिशवी आणली आणि तिच्या मांडीवर टाकली. "नको रडू वं बहीन, तो ई राह्यना, तो ई राह्यना," तो येतोय, तो येतोय, एवढंच म्हणत राहिली. जीप गेली. डोशी बिडी विझवून आत गेली.

तो आला सातव्या दिवशी. एक दिवस आधीच. पिशवीत कागद, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मास्तरांनी कागद उघडला आणि तसाच धरून बसले. सगळा बंगालीत. खाली गोल शिक्का, तोही बंगालीत.

"हे कोण वाचणार?" मास्तर म्हणाले. "आणि तिकडेही हीच लिपी आहे."

त्यानं मला विचारलं, "भाई, आपने बोला था?"

मी म्हटलं, "बोला था."

ही दारात उभी होती. तिनं ऐकलं.

मी कामाला दांडी मारली आणि त्याच्याबरोबर फिरलो. जिथं नेलं म्हणाले तिथं गेलो, तिथून वापीला गेलो. एका खिडकीवर म्हणाले, दुसऱ्या खिडकीवर विचारा. दुसरीवर म्हणाले, आगे भेज दिया. कहाँ? आगे. मी त्यांना सांगत होतो, साहेब, तो शब्द माझ्या बायकोनं शिकवलाय, ती आधी जोल म्हणायची. आता मी सांगत होतो, न विचारता, खिडकीखिडकीला. ऐकणाऱ्याला वाटलं असेल म्हाताऱ्याला ऊन लागलंय. एकानं मला पाणीच दिलं प्यायला.

संध्याकाळी वापी स्टेशनवर तो म्हणाला, "आप जाओ भाई. मैं पीछे जाता है." कुठल्या गाडीनं गेला तेही मी विचारलं नाही. त्यानंतर दोघांचं काही कळलं नाही. ती त्याला भेटली की नाही, इकडं आहे की तिकडं ढकलली, आहे की नाही, काही नाही. पत्र घालायचं तर गाव नदीत.

पुष्कळ वर्षांनी वापीला एक बंगाली मिठाईवाला भेटला. त्याला मी विचारलं, पानी म्हणणारे तिकडचे आणि जोल म्हणणारे इकडचे, खरं का? तो हसला. म्हणाला, काका, आमच्याकडे हिंदू जोल म्हणतो आणि मुसलमान बहुतेक पानी म्हणतो, दोन्हीकडे. सरहद्दीचा काय संबंध? ती दोघं कोण होती मला माहीत नाही. त्यांच्या खोलीत तसबीर पाहिल्याचं आठवत नाही, दुसरंही काही आठवत नाही. म्हणजे ती कसोटी मुळातच खोटी. आणि त्या खोट्या कसोटीतही ती पोर पास झाली असती, आमच्या हिचा शब्द तिच्या तोंडात नसता तर.

जीप गेल्यावर दोन दिवस ही माझ्याशी बोललीच नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी मी घरी आलो, तिनं तांब्या भरून समोर ठेवला आणि म्हणाली, "पाणी."

मला आधी लक्षात आलं नाही. मग म्हटलं, "मास्तरांची शिकवणी लावली का?"

ती म्हणाली, "पानी म्हटलं की घेऊन जातात ना."

त्यानंतर बाकी सगळं अहिराणीत, हा एक शब्द मात्र मास्तरांचा. आधी जड जायचं तिला. थांबायची, जीभ वर वळवायची, मग म्हणायची. नंतर सवय झाली. पोरं सुट्टीला आली की हसायची, आई शहरी झाली म्हणायची. मास्तरांची बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला आले. हिनं पाणी दिलं. तिचा शब्द ऐकून मास्तर म्हणाले, "वा वहिनी, तुमचा ण सुधारला की!"

ही म्हणाली, "हो मास्तर." मास्तरांनी तांब्या हातात घेतला. मग न पिताच खाली ठेवला.

आता टीव्हीवर अजून तेच चालू असतं. कायदेशीर, बेकायदेशीर. शेजारी मला विचारतात, काका, तुम्हाला काय वाटतं? मी काही शहाणा नाही. दारं सताड उघडी टाका असं मी म्हणत नाही, नियम पाहिजेच. पण मी खोट्या शिक्क्यावर बारा वर्षं राहिलो होतो आणि त्या शिक्क्याला घाबरून गप्प बसलो. माझ्यासारख्याला काय वाटतं हे विचारूच नये.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दुपारी, कुणी नव्हतं तेव्हा मी तिच्या कानाशी गेलो. म्हटलं, "मी तव्हय सायेबले खरं सांगाले पाहिजे व्हतं."

डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "माले माहीत शे."

एवढंच. पुढं काही बोलेल म्हणून मी वाकून राहिलो. थोड्या वेळानं ओठ हलले. थांबली, जीभ वर वळवली. आता अंगात ताकद नव्हती, तरी वळवली.

"पाणी," म्हणाली.

मी चमच्यानं पाजलं. म्हटलं, "पानी म्हन ना वं. एक डाव म्हन." दुसरा चमचा भरून धरून ठेवला. म्हणाली नाही. चमच्यातलं निम्मं चादरीवर सांडलं, उरलेलं मी तिच्या ओठांना लावलं.